म्युलर नंबर एक, पण कोणता म्युलर?

१८२३च्या डिसेंबरात जर्मनीतल्या देसाऊ गावी एका कवीला मुलगा झाला. कवीचा मित्र आणि त्या काळचा बडा संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर पोराचा धर्मपिता झाला. पोराला नावं दोन मिळाली. एक मामाचं, फ्रीडरिश. दुसरं माक्स, वेबरच्याच गाजलेल्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेराच्या नायकाचं. आडनाव अर्थातच वडिलांचं, म्युलर. पोरगा मोठा झाला, संस्कृत शिकला, ऑक्सफर्डला जाऊन नावारूपाला आला. मग त्याच्या लक्षात आलं, की नुसत्या ‘म्युलर’वर आपलं भागायचं नाही, कारण म्युलर पैशाला पासरी! तेव्हा त्याने मधलं ‘मॅक्स’ उचललं आणि आडनावालाच चिकटवून टाकलं. आपण आजही ‘मॅक्समुल्लर’ असं एका दमात म्हणतो, ते त्याच्या मनासारखंच म्हणतो.

म्युलर या आडनावाची सगळी गंमत इथेच आहे. आडनाव असतं माणूस ओळखू यावा म्हणून. हे आडनाव इतकं फोफावलं, की ते लावणाऱ्यांना ओळखू येण्यासाठी आणखी काहीतरी लावावं लागलं. कुणी गाव लावलं, कुणी मतदारसंघ, कुणी धंदा. कुणी तर म्युलर टाकूनच दिलं.

सात लाखांचं खटलं

आधी आकडे. जर्मनीत म्युलर हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव, आणि ते लावणारे सुमारे सात लाख. हा अंदाज बांधायची रीत मजेशीर आहे. फ्रायबुर्ग आणि माइन्झ इथल्या भाषा अभ्यासकांनी जर्मन आडनावांचा सातखंडी नकाशासंग्रह केला. त्यासाठी त्यांनी २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांची यादी वापरली. मोबाइल घराघरांत पोचला तरी भिंतीवरचा फोन अजून निघाला नव्हता, असा तो नेमका मुहूर्त होता. पाचदहा वर्षं उशीर झाला असता, तर यादीत अर्धे लोक सापडले नसते. त्या यादीत म्युलरांच्या अडीच लाखांहून जास्त जोडण्या निघाल्या. एका फोनमागे घरात साधारण पावणेतीन माणसं धरली, की सात लाखांचा हिशेब जुळतो.

स्वित्झर्लंडमध्येही म्युलरच पहिला, पन्नास हजारांहून जास्त. फ्रान्सच्या पूर्व कडेला जर्मनीला खेटून असलेल्या आल्सास आणि मोझेल भागात पुन्हा तोच पहिला, फक्त फ्रेंच रिवाजाप्रमाणे ‘यू’वरचे दोन ठिपके गळलेले. लक्झेंबर्गमध्ये मात्र तो लोहाराच्या, म्हणजे श्मिटच्या, मागे दुसरा. ऑस्ट्रियात पहिला मान ग्रुबरचा, म्हणजे खळग्यात राहणाऱ्याचा. डोंगराळ मुलुखात पत्ता हीच ओळख.

खुद्द जर्मनीतही म्युलर सगळीकडे सारखा सांडलेला नाही. नैर्ऋत्येला, झारलांड आणि ऱ्हाइनलांडच्या पट्ट्यात, तो दाट आहे. थ्युरिंगिया-सॅक्सनीतही चांगलाच आहे. वायव्येला गेलं, की मायरांचं राज्य सुरू होतं. मायर म्हणजे जमीनदाराची शेती सांभाळणारा कारभारी. झारलांडबद्दल एक गोष्ट मला फार समर्पक वाटते. त्या चिमुकल्या राज्याचा मुख्यमंत्री १९९९ ते २०११ अशी बारा वर्षं कोण होता? पेटर म्युलर. राज्याने आपला प्रतिनिधी अगदी सरासरी काढून निवडावा तसा!

म्युलरच्या पहिल्या क्रमांकावर श्मिटवाले मात्र हरकत घेतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. म्युलर बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारे लिहितात. लोहाराच्या आडनावाची स्पेलिंगं मात्र भरमसाट, शेवटी ‘डीटी’, नुसता ‘डी’, दोन ‘टी’, शिवाय कोलोनकडचं श्मिट्स. ही सगळी भावकी एकत्र मोजली, तर लोहार म्युलरच्या पुढे जातो. म्हणजे पहिला क्रमांक संख्येने जिंकला की शुद्धलेखनाने, हा वाद आहेच.

दळणावळीचा संशय

म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. ‘मोलिना’ म्हणजे गिरणी, हा उशिराच्या लॅटिनमधला शब्द. रोमन लोकांची पाणचक्की जर्मन मुलखात आली, ती हा शब्द बरोबर घेऊनच. बाराव्या शतकापासून दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत आडनावं पडू लागली आणि पुढच्या दोनतीनशे वर्षांत ती सगळीकडे पोचली. (सगळीकडे म्हणजे फ्रीसलांड सोडून. उत्तर समुद्राकाठचे हे लोक बापाच्या नावावरच भागवत होते. शेवटी १८११ साली नेपोलियनने फर्मान काढून त्यांना कायमची आडनावं घ्यायला लावली.)

जर्मनीतली पहिली दहा आडनावं पाहिली, तर एक आख्खं गाव उभं राहतं. गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर, कारभारी, गाडे बनवणारा, पाववाला. नवव्या क्रमांकावरचा शुल्त्स म्हणजे सारा-वसुली करणारा गावचा मुख्य, आपला पाटीलच म्हणा. दहावा हॉफमान, म्हणजे वाड्या-जमिनीवरचा माणूस. या दहांत शेतकरी नाही! बावर हे आडनाव आहे, पण ते दहांच्या बाहेर. कारण उघड आहे. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे ‘तो शेतकरी’ म्हणून कुणाला ओळखणार? गिरणीवाला मात्र गावात एकच, आणि गिरणी जवळपास प्रत्येक गावात. गावात एकटा आणि देशात हजारो, हे गणित इतर कुठल्याच धंद्याला इतकं चपखल बसलं नाही.

गिरणी एकच असण्यामागेही कायदा होता. ओढ्याचं पाणी आणि वाऱ्याचा हक्क जमीनदाराचा. त्याने ठरवून दिलेल्या गिरणीतच दळण न्यायचं, दुसरीकडे गेलात तर दंड. प्रशियात ही सक्ती १८१०च्या ऑक्टोबरात उठली, तोवर शेतकऱ्याला पर्याय नव्हता. दळणावळ पैशात नव्हे, धान्यात. आलेल्या धान्यातून ठरलेल्या मापाने आपला वाटा गिरणीवाल्याने काढून घ्यायचा. माप त्याच्या हातात, पोतं त्याच्या ताब्यात, आणि दळताना धान्य थोडं उडतंच! मग गावाने संशय घ्यावा, यात नवल ते काय? माप शिगोशीग भरलं का, पिठात भुसा मिसळला का, गिरणीवाल्याचीच डुकरं एवढी गुबगुबीत कशी, यावर जर्मन लोककथांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली आहे.

प्रकरण चेष्टेवर थांबलं नाही. पुष्कळ भागांत गिरणीवाल्याचा धंदा हलका धरला जाई, विणकर, न्हावी, मेंढपाळ आणि जकातदार यांच्या पंगतीतला. त्याच्या मुलाला शहरातल्या कारागिरांच्या संघात उमेदवारीला घेत नसत. १५४८ साली तेव्हाच्या जर्मन साम्राज्याच्या नियमावलीत लिहावं लागलं, की या लोकांच्या मुलांना संघांनी अडवू नये. नियम लिहावा लागला, म्हणजे अडवणूक किती पक्की असेल ते समजावं. गिरणीही बहुधा वस्तीपासून दूर, पाण्याकाठी. येणाऱ्याजाणाऱ्याची, वाटसरूची, कधी चोराचिलटाचीही उठबस तिथे. ज्याच्याकडे गाव वाकड्या नजरेने पाहत होतं, त्याचंच नाव आज देशात पहिलं आहे.

गिरण्याही एका प्रकारच्या नव्हत्या. म्हणून म्युलरला पुढूनही जोड लागली. वरच्या अंगाची गिरणी ती ओबरम्युलरची. तेलघाणीवाला तो ओलम्युलर, लाकूड कापणारी पाणकरवत चालवणारा तो झेगम्युलर. आणि बंदुकीची दारू कुटणारा? पुल्वरम्युलर. हे आडनाव आजही आहे, म्हणजे मूळ पुरुष निदान पोरंबाळं होईपर्यंत तरी टिकला असावा.

जाता जाता, जर्मनीतला सगळ्यात प्रसिद्ध गिरणीवाला म्युलर नव्हताच. पॉट्सडामच्या राजवाड्याशेजारच्या पवनचक्कीची दंतकथा तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चक्कीचा आवाज होतो म्हणून फ्रेडरिक राजाने ती काढायला सांगितली आणि गिरणीवाल्याने त्याला बर्लिनच्या कोर्टाची आठवण करून दिली. त्या गिरणीवाल्याचं आडनाव होतं ग्रेव्हनिट्स.

गिरणी नसलेला गिरणीवाला

आडनाव पडताना धंदा चालू होता. दोनचार पिढ्यांत धंदा सुटला, आडनाव राहिलं. मॅक्समुल्लरच्या वडिलांचंच पाहा. विल्हेल्म म्युलर म्हणजे नावाने गिरणीवाला, पण शिंप्याचा मुलगा आणि पेशाने ग्रंथपाल. त्याने कविता कुणावर लिहिल्या? गिरणीत काम शोधत निघालेल्या एका उमेदवार पोरावर आणि गिरणीवाल्याच्या देखण्या मुलीवर! १८२३ साली फ्रान्झ शुबर्टने त्या कवितांना चाली लावल्या आणि ‘डी शोने म्युलरिन’ ही गीतमाला पाश्चात्त्य संगीतात अजरामर झाली. कवी आणि संगीतकार एकमेकांना कधी भेटले नाहीत. कवी बत्तीस वर्षांचा असताना गेला, संगीतकार त्याच्या पाठोपाठ वर्षभराने, एकतीस वर्षांचा असताना.

ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या बाजूने विल्हेल्म म्युलरने इतक्या हिरिरीने लिहिलं, की लोक त्याला ‘ग्रीक-म्युलर’ म्हणू लागले. म्हणजे जोड बापालाही लागलीच होती. त्याच्या आधीच्या पिढीत फ्रीडरिश म्युलर नावाचा एक कवी चित्रंही काढायचा. तो ‘मालर म्युलर’, म्हणजे चित्रकार म्युलर, म्हणूनच इतिहासात गेला.

मॅक्स म्युलरने जोड घेतली ती संस्कृतातही. त्याने संपादलेला सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाला, खर्च ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने सुरू झालेला. त्यावर स्वतःचं नाव त्याने ‘मोक्षमूलरभट्ट’ असं घातलं. जर्मनीचं केलं शर्मण्यदेश, ऑक्सफर्डचं गोतीर्थ. गिरणीवाल्याचा थेट भट्ट झाला! हा गृहस्थ आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आला नाही, तरी इथल्या एका खटल्यात त्याची सही आहे. १८९७ साली ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांना सोडावं, या विनंतीअर्जावर सही करणाऱ्यांत हा ऑक्सफर्डचा म्हातारा होता. एवढ्यावर तो थांबला नाही. ऋग्वेदाच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्याने सरकारमार्फत तुरुंगात पाठवली. ती वापरायची मुभा आणि रात्री काही तास वाचायला दिवा मिळाल्याची नोंद टिळकांनीच १९०३च्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’च्या प्रस्तावनेत केली आहे. मुदत पुरी व्हायच्या आधीच, १८९८च्या सप्टेंबरात टिळक सुटले.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला जायचं ते मॅक्समुल्लर भवनात. जगभर या संस्थेचं नाव कवी ग्योथेवर आहे, भारतात त्याला म्युलरची जोड. पाटीवरच्या रोमन अक्षरांत ‘यू’पुढे ‘ई’ दिसतो, ती कुणाची चूक नव्हे. जुन्या हस्तलिखितांत ‘यू’च्या डोक्यावर बारीकसा ‘ई’ काढत. लिहिता लिहिता तो झिजून दोन ठिपके राहिले. ठिपके छापता येत नसतील तिथे ‘ई’ पुन्हा खाली उतरतो. जर्मन पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यांतही प्रत्येक म्युलरचं असंच होतं. वर एक स्पेलिंग, खाली दुसरं, आणि विमानतळावर खुलासे.

म्युलर टाकून दिलेला म्युलर

आता सगळ्यात जुना आणि माझा सगळ्यात आवडता. फ्रांकोनियातल्या कोनिग्सबर्ग नावाच्या छोट्या गावी १४३६ साली योहानेस म्युलर जन्मला. गणित आणि खगोलात हा असा तेजस्वी, की पंधराव्या शतकातल्या युरोपात त्याच्या तोडीचे हाताच्या बोटांवर मोजावेत. पण ‘योहानेस म्युलर’ या नावाने शोधलात तर तो सापडणार नाही. कोनिग्सबर्ग म्हणजे राजाचा डोंगर. त्याचं लॅटिन करून जगाने त्याला नाव दिलं रेजिओमोंटानुस. त्याच्या मरणानंतर हेच नाव रूढ झालं. चंद्रावरचं एक मोठं विवरही त्याच नावाने आहे. म्युलर मागे पडला, डोंगर राहिला.

त्याने १४७४ साली ग्रहताऱ्यांच्या रोजच्या स्थानांची कोष्टकं छापली, ग्रहणांच्या वेळांसकट. तीस वर्षांनी त्या कोष्टकांनी एका दर्यावर्द्याचा जीव वाचवला. कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत जमैकाच्या किनाऱ्यावर अडकला होता. जहाजं किड्यांनी पोखरलेली, सोबतचे खलाशी उठलेले. तिथल्या लोकांनी कित्येक महिने दाणापाणी पुरवलं, मग तेही कंटाळले आणि त्यांनी हात आखडता घेतला. कोलंबसाकडे रेजिओमोंटानुसचं पंचांग होतं. त्यात २९ फेब्रुवारी १५०४ला खग्रास चंद्रग्रहण दिलेलं. त्याने मुखियांना बोलावलं आणि बजावलं, की आमचा देव कोपला आहे, आज रात्री चंद्राकडे पाहा. चंद्र उगवला तो ग्रासलेला, मग तांबडा झाला. लोक घाबरले, अन्न घेऊन धावत आले. कोलंबस ‘प्रार्थना करतो’ म्हणून आत गेला आणि वाळूच्या घड्याळावर वेळ मोजत बसला. ग्रहण सुटायच्या बेताला बाहेर येऊन त्याने जाहीर केलं, देवाने माफ केलं! लबाडी कोलंबसाची, गणित म्युलरचं. श्रेय नेहमीप्रमाणे लबाडीला मिळालं.

कंसातला खासदार आणि बाटलीतला म्युलर

जर्मन संसदेत एकाच आडनावाचे दोन सभासद निवडून आले, की कामकाजात आडनावापुढे कंसात मतदारसंघाचं गाव घालतात, ‘म्युलर (एर्लांगेन)’ असं. ही डोकेदुखी जुनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहावर जर्मनीतर्फे सही करणारा परराष्ट्रमंत्री, पुढे दोनदा चॅन्सेलर झालेला हेर्मान म्युलर हाच ‘म्युलर-फ्रांकेन’ म्हणून ओळखला जाई. फ्रांकेन हा त्याचा मतदारसंघ. देशाचा कारभारी झालात, तरी ‘कोणते म्युलर?’ हा प्रश्न सुटत नाही.

त्याच नावाचा, हेर्मान म्युलर, एक स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ होता. गर्दीत हरवू नये म्हणून याने आपल्या थुर्गाऊ प्रांताचं नाव जोडलं. १८८२ साली गाइसेनहाइमच्या संस्थेत त्याने द्राक्षाचं एक नवं वाण तयार केलं. तेच पुढे ‘म्युलर-थुर्गाऊ’ म्हणून प्रसिद्धीला आलं आणि विसाव्या शतकात एक काळ जर्मनीत सर्वाधिक लागवड त्याचीच होती. आपण रीसलिंग आणि सिल्वानर या दोन वाणांचा संकर केला, असं त्याने सांगितलं. शंभरएक वर्षांनी डीएनए तपासला, तर आई रीसलिंग खरी, पण बाप सिल्वानर नव्हे, मादलेन रोयाल नावाचं भलतंच वाण निघालं. स्वतःची ओळख पक्की करण्यासाठी एवढी धडपड करणाऱ्याच्या द्राक्षाचीच वंशावळ चुकावी, याला काय म्हणावं!

सगळ्यात काळीकुट्ट जोड हाइनरिश म्युलरची. नाझींच्या गुप्त पोलिसांचा हा प्रमुख. त्याच नावाचा आणखी एक एसएस अधिकारी असल्याने त्याला ‘गेस्टापो-म्युलर’ म्हणत. १९४५च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बर्लिनमधून तो गायब झाला. शोध घेणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती ती त्याच्या नावाची. जर्मनीत हाइनरिश म्युलर ढिगाने होते.

जर्मन कायद्यालाही हा त्रास मान्य आहे. तिथे लहर आली म्हणून आडनाव बदलता येत नाही, सबळ कारण लागतं. पण म्युलर, मायर, श्मिट, शुल्त्स अशा आडनावांना नियमात ‘सामायिक नावं’ म्हटलं आहे आणि गोंधळ होतो हे त्यांच्या बाबतीत पुरेसं कारण धरतात. १ मे २०२५पासून नवराबायको दोघांनाही जोडआडनाव घेता येऊ लागलंय, पूर्वी ते एकालाच घेता येई. म्युलरांना याचा फायदा सगळ्यात जास्त, हे सांगायला नको. हे नाव इतकं सर्रास, की सामान्य बाईला जर्मन माणूस काय म्हणतो, माहीत आहे? ‘लीसशेन म्युलर’. तीच ती, जिला समोर धरून पेपरवाले आणि पुढारी बोलतात.

तेरा नंबरचे

सामान्य म्हणावं, तर फुटबॉल आडवा येतो. गर्ड म्युलर बुटका, जाड मांड्यांचा. बायर्न म्युनिकचा प्रशिक्षक चायकोव्स्की त्याला लाडाने ‘छोटा जाडा म्युलर’ म्हणायचा. या छोट्या जाड्याने पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले. जर्मन लीगमधले त्याचे ३६५ गोल आजही कुणाला गाठता आलेले नाहीत. १९७४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध विजयी गोल त्याचाच. पाठीवर १३ आकडा. पुढे तोच आकडा घालून टोमास म्युलर उतरला आणि २०१० व २०१४ अशा दोन विश्वचषकांत त्याने पाच-पाच गोल केले. दोघेही बायर्नचे, दोघेही १३ नंबरचे, आणि नात्यातले मुळीच नव्हेत.

मधल्या काळातला डीटर म्युलर तर जन्माने म्युलरही नाही. जन्माचा कास्टर, सावत्र वडिलांचं आडनाव घेतलं. १९७६च्या युरोपीय स्पर्धेत पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, तोही उपांत्य फेरीत बदली खेळाडू म्हणून उतरून, याने तीन गोल ठोकले. पुढच्या वर्षी कोलोनकडून ब्रेमेनविरुद्ध एकाच लीग सामन्यात सहा. हा विक्रम अजून उभा आहे, पण त्याचं चित्रीकरण नाही. नेमके त्या दिवशी टीव्हीचे कॅमेरेवाले संपावर होते!

आणि ब्राझीलचा म्युलर? १९९४चा विश्वचषक जिंकलेल्या संघात या नावाचा आघाडीचा खेळाडू होता. खरं नाव लुईस आंतोनियो कोरेया दा कोस्टा. गर्डवरून पडलेलं टोपणनाव आयुष्यभर चिकटलं. बाकीच्यांना म्युलरला जोड लागते, याला म्युलर हीच जोड.

नोबेलच्या यादीतही हे आडनाव चारदा येतं. क्षकिरणांनी जनुकं बदलतात हे दाखवणारे अमेरिकेचे हर्मन मुलर १९४६ला, डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधणारे स्विस पाउल म्युलर १९४८ला, उच्च तापमानाला विद्युतरोध शून्यावर आणणारे पदार्थ शोधणारे, पुन्हा स्विस, अलेक्स म्युलर १९८७ला, आणि रुमानियातल्या जर्मन वस्तीत जन्मलेल्या लेखिका हेर्टा म्युलर २००९ला.

सीमेपार

म्युलर बाहेर पडला तो नाव बदलत. बव्हेरियाच्या आणि श्वाबियाच्या बोलीत ‘यू’चा सरळ ‘इ’ होतो, म्हणून मिलर हे अस्सल जर्मन आडनावही आहे. म्युनिकचं प्रसिद्ध डॉइचेस म्युझियम उभारणारा ओस्कार फॉन मिलर याच भागातला. उत्तरेकडे त्याचा मोलर झाला, डेन्मार्कमध्येही तसंच. न्हावा-शेवा बंदरात गेटवे टर्मिनल्सचं जे कंटेनर टर्मिनल आहे, त्यातली मोठी भागीदार कंपनी ‘एपीएम’. त्या ‘एम’चा उलगडा केला तर निघतो मोलर, म्हणजे डॅनिश गिरणीवाला. डच लोकांचा मुल्डर, हंगेरियनांचा मोल्नार, झेकांचा म्लिनार्श ही सगळी एकाच धंद्याची पिलावळ. युक्रेनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव कोणतं? मेल्निक. तोही गिरणीवालाच.

अमेरिकेत मिलर हे सातव्या क्रमांकाचं आडनाव. २०१०च्या जनगणनेत ते ११ लाख ६० हजारांच्या घरात भरलं. त्यांत इंग्रज मिलर आहेत तसे जहाजातून उतरलेले म्युलरही भरपूर. बंदरावरच्या कारकुनांनी नावं बदलली, ही तिथली लाडकी दंतकथा. लोकांनी ती आपणहून बदलली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उच्चारता यावीत म्हणून. १८५५ साली मिलवॉकीत बियरची भट्टी विकत घेणारा फ्रेडरिक मिलर हा व्युर्टेम्बर्गचा फ्रीडरिश म्युलर. ओहायोच्या होम्स काउंटीत घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश लोकांत आजही सगळ्यात जास्त मिलरच. ब्राझीलला गेलेल्या फ्रिट्स म्युलरने मात्र नाव तसंच ठेवलं. तिथल्या फुलपाखरांकडे पाहून त्याच्या ध्यानात आलं, की दोन वेगळ्या विषारी जाती एकमेकींसारख्या दिसू लागल्या, की दोघींचाही फायदा होतो. पक्ष्याला धडा एकदाच शिकावा लागतो. जीवशास्त्रात याला ‘म्युलरीय अनुकरण’ म्हणतात. सगळे एकसारखे दिसण्यातही फायदा असतो, हे एका म्युलरलाच सुचावं!

राहिला तो मूळ धंदा. गिरण्यांचा एक सण आहे, ईस्टरच्या सोमवारनंतर बरोबर सात आठवड्यांनी येणारा सोमवार, १९९४पासून. त्या दिवशी देशभरच्या जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या बघायला खुल्या असतात, जमेल तर नक्की गाठा. पीठ काढणाऱ्या मोठ्या गिरण्या आता साऱ्या जर्मनीत दोनशेच्या आसपास उरल्यात आणि त्यांत बटणं दाबायला शिकवणारा तीन वर्षांचा सरकारी अभ्यासक्रम आहे. त्याचं नावही बदललं. २०१७पासून शिकायला लागलेल्या उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर ‘म्युलर’ नसतं, असतं ‘फरफारेन्सटेक्नोलोगे म्युलेन उंड गेट्राइडेविर्टशाफ्ट’, म्हणजे गिरणी व धान्यव्यवसायातील प्रक्रिया-तंत्रज्ञ.